परदेशची सहल आणि चलनाचा बट्टा

पेशवाईच्या उत्तरकाळांत पुण्याहून काशीयात्रेस निघणाऱ्या गृहस्थाला दोन चिंता असत. वाटेंत चोरांनीं गांठलें तर काय, ही पहिली. आणि कमरेच्या कशांतले रुपये त्या मुलुखांत कोणत्या भावानें चालतील, ही दुसरी. त्या काळीं रुपया एक नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशा नाना छापांचे रुपये बाजारांत फिरत. एका पेठेंत पुऱ्या मोलाचा ठरलेला रुपया दुसऱ्या पेठेंत नेला म्हणजे तेथील सराफ तो वाजवून पाही, त्याचा कस पाही, आणि बट्टा कापून उरलेले पैसे हातावर ठेवी. म्हणून शहाणा यात्रेकरू सगळी रक्कम रोख नेत नसे. गांवच्या पेढीवर पैसे भरून तो काशीच्या पेढीवरची दर्शनी हुंडी घेई, तिची हुंडणावळ देई, आणि वाटखर्चापुरतेंच नाणें जवळ बाळगी.

१८३५ सालीं कंपनी सरकारनें एकछापी रुपयाचा कायदा केला आणि देशांतील हा बट्ट्याचा व्यवहार हळूहळू ओसरला. देशाबाहेर पाऊल टाकणाऱ्यास मात्र बट्टा अद्याप चुकलेला नाहीं. फरक इतकाच कीं, सराफ समोर बसून बट्टा कापी तो डोळ्यांना दिसे; आज तो यंत्राच्या पडद्यामागें कापला जातो, आणि प्रवाशाला त्याचा पत्ता घरीं परतल्यावर कार्डाच्या मासिक हिशेबांत लागतो. पुष्कळांना तेथेंही लागत नाहीं.

मधल्या काळांत ही अडचण टॉमस कुकच्या कंपनीनें १८७४ सालीं काढलेल्या प्रवासी हुंड्यांनीं, व पुढें १८९१ सालीं अमेरिकन एक्स्प्रेसनें काढलेल्या ट्रॅव्हलर्स चेकनीं बरीच हलकी केली होती. एक सही घेतांना, दुसरी वटवितांना, आणि चेक हरवला तर रक्कम परत, अशी ती व्यवस्था होती. विलायतेस जाणाऱ्या कित्येक हिंदी प्रवाशांनीं ती वापरली. आतां ते चेक बाजूस पडले आहेत, आणि त्यांच्या जागीं एकदम चार-पांच साधनें आलीं आहेत: परदेशी नोटा, बँकेचें डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड, आगाऊ पैसे भरून घेतलेलें फॉरेक्स कार्ड, आणि कांहीं देशांपुरता खिशांतला फोन. साधनें वाढलीं म्हणजे निवड सोपी होते असें नाहीं.

ह्या निवडीचा विचार करण्यास जपानचें उदाहरण सोयीचें आहे. तेथें हीं बहुतेक साधनें एकाच दिवसांत कामीं येतात, आणि निवड चुकली तर तिची शिक्षाही त्याच दिवशीं मिळते. पुण्याचें एखादें सेवानिवृत्त जोडपें दहा दिवस टोकियो, क्योटो आणि डोंगरांतलें एखादें देवस्थान पाहण्यास निघालें आहे, अशी कल्पना करावी. बरोबर सहल-कंपनीचा वाटाड्या नाहीं. पैसा अनेक वर्षांच्या शिलकेंतला आहे, आणि घरखर्चाची वही गृहिणीच्या हातीं आहे.

पहिली चूक बहुधा घरींच होते. "डॉलर न्यावे, डॉलर सगळीकडे चालतो," असें कोणीतरी अनुभवी आप्त सांगतो, आणि गृहस्थ रुपये देऊन डॉलर घेतो. जपानच्या दुकानांत डॉलर चालत नाहीं. तेथें उतरल्यावर डॉलर देऊन येन घ्यावे लागतात. म्हणजे रुपयाचा डॉलर होतांना एक बट्टा, आणि डॉलरचा येन होतांना दुसरा. मुंबई-पुण्याच्या अधिकृत पेढ्यांकडे दोन दिवस आधीं सांगून ठेवलें तर येनच्या नोटा मिळूं शकतात. मग हा फेरा कशाला? फॉरेक्स कार्डाचेंही तेंच. कार्डावर डॉलर भरलेले आणि खर्च येनांत, असें झालें कीं प्रत्येक खरेदीला चलन बदलल्याचा आकार पडतो. कार्ड घेतांना त्यावर येन भरतां येतात काय, हें पहिल्यानें विचारावें. मात्र ज्या देशांचें चलन येथें सहसा मिळत नाहीं, किंवा मिळालें तर फार महाग मिळतें, त्या देशांसाठीं डॉलर नेणेंच शहाणपणाचें असतें. कंबोडियांत तर डॉलर रोजच्या व्यवहारांतही चालतो. पण तेथें नोट किंचित् फाटलेली वा मळलेली असली कीं दुकानदार ती परत करतो. तेव्हां डॉलर नेणाऱ्यानें कोऱ्या नोटा मागून घ्याव्या.

नोटा कोठें घ्याव्या, ह्याचें उत्तर एका वाक्याचें आहे: निघण्याच्या रात्रीं विमानतळावर घेऊं नयेत. तेथें गिऱ्हाइकाला दुसरें दुकान नसतें, आणि हें दुकानदाराला ठाऊक असतें. शहरांतल्या दोन-तीन पेढ्यांना भाव विचारतांना "आकार किती" एवढेंच विचारून भागत नाहीं. "आकार शून्य" अशी पाटी लावणारी पेढी आपला नफा भावांतच बसविते. अमुक इतके येन हातांत पडण्यास सर्व धरून किती रुपये मोजावे लागतील, हा एकच प्रश्न सर्वांना विचारावा. सराफाच्या काळींही हाच प्रश्न खरा होता.

कायद्याची बाजू थोडक्यांत अशी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जपानसारख्या देशाच्या एका खेपेस तीन हजार डॉलरांच्या किंमतीपर्यंत परदेशी नोटा नेतां येतात. बाकी रक्कम कार्डावर न्यावी लागते. पेढीला रोख रुपये पन्नास हजारांपर्यंतच देतां येतात, त्यापुढें चेक किंवा बँकेमार्फत भरणा. आपले रुपये पंचवीस हजारांपर्यंत बरोबर ठेवतां येतात, आणि ते ठेवावे, कारण परत आल्यावर विमानतळावरून घरीं जाण्यास तेच लागतात. परदेशीं पाठविलेल्या रकमेवर कर आगाऊ कापला जाण्याची जी चर्चा घरोघर होते तिच्यापुरतें सांगावयाचें तर, एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा वर्षाला दहा लाखांवर नेली गेली, आणि सामान्य प्रवाशाच्या हातखर्चाला ती सहसा लागत नाहीं. सहल-कंपनीच्या ठराविक सहलीचा हिशेब निराळा आहे. तो कंपनीकडून लेखी घ्यावा. कापलेला कर विवरणपत्रांत वळता करून घेतां येतो, हें मात्र पुष्कळजण विसरतात.

आतां खरी परीक्षा. क्योटोचें हॉटेल सोडण्याचा दिवस आहे. बिल तीस हजार येन झालें आहे. कारकून लवून नमस्कार करतो, कार्ड यंत्रांत घालतो, आणि यंत्र गृहस्थापुढें सरकवितो. पडद्यावर दोन आंकडे आहेत. एक येनांत, दुसरा रुपयांत. कोणत्या चलनांत द्यावयाचें, असें यंत्र विचारतें. आठ दिवस मनांत शंभर येनांचे रुपये करतां करतां थकलेल्या माणसाला स्वदेशाचें चलन परमुलुखांत दिसलें कीं त्याचा जीव भांड्यांत पडतो. रुपयांचा आंकडा समजतो. वहींत लिहितां येतो. घरीं गेल्यावर त्यांत फरक पडणार नाहीं, अशी खात्रीही वाटते. गृहस्थाचें बोट रुपयांकडे वळतें.

तेथेंच बट्टा आहे. समजा, त्या दिवशीं बाजारभावानें शंभर येनांस साठ रुपये पडतात. म्हणजे तीस हजार येनांचे अठरा हजार रुपये. यंत्र दाखवितें तो आंकडा अठरा हजार नऊशें असूं शकतो, कारण यंत्रामागच्या कंपनीनें आपला भाव लावलेला असतो, आणि त्या जादा रकमेंत पुष्कळदां दुकानदाराचाही वांटा असतो. पांच टक्के हे उदाहरणापुरते. प्रत्यक्षांत ते कमीही असतात, अधिकही असतात. ह्या व्यवस्थेला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्शन असें भारदस्त नांव आहे आणि ती प्रवाशाची सोय म्हणून पुढें केली जाते. सोय आहे हें खोटें नव्हे. त्या सोयीचें मोल निराळ्या ओळींत ठळक लिहिलेलें नसतें, एवढेंच.

येन निवडले असते तर काय झालें असतें? व्हिसा किंवा मास्टरकार्ड ह्यांसारख्या संस्थेचा त्या दिवसाचा दर लागला असता, आणि तो घाऊक बाजाराच्या पुष्कळ जवळ असतो. त्यावर कार्ड देणाऱ्या भारतीय बँकेचा आकार पडला असता. हा आकार बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के असतो, व त्या आकारावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. अठरा हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे सहाशें तीस रुपये, आणि त्यावरील कर एकशें तेरा रुपये चाळीस पैसे. एकूण सातशें त्रेचाळीस रुपये चाळीस पैसे. नऊशें आणि सातशें त्रेचाळीस ह्यांत फार अंतर नाहीं, असें कोणी म्हणेल. पण रुपये निवडल्यानें बँकेचा आकार टळतोच असें नाहीं. दुकान परदेशांत आहे ह्या कारणास्तव कित्येक बँका रुपयांतल्या अशा व्यवहारावरही स्वतंत्र आकार लावतात. मग गृहस्थ दोन्ही बट्टे देतो. उलट, दोन टक्के किंवा मुळींच आकार न घेणारीं कार्डेंही आज मिळतात. तसें कार्ड जवळ असतां यंत्रावर रुपये निवडणें म्हणजे स्वस्त धान्य घरांत ठेवून वाण्याकडून महाग आणण्यासारखें आहे.

नोटा देणारें यंत्र, अर्थात् एटीएम, हाच प्रश्न कधीं कधीं अधिक आडवळणानें विचारतें. "हा दर मान्य आहे काय?" असें तें विचारतें, आणि "नाहीं" म्हटलें तर पैसेच मिळणार नाहींत अशी भीति नवख्याला वाटते. पैसे मिळतात. नकार त्या दराला असतो, व्यवहाराला नव्हे. दुकानांत कारकुनानें न विचारतां रुपये दाबून टाकले असतील तर सही किंवा पिन देण्यापूर्वीं तो व्यवहार रद्द करून पुन्हां येनांत करावयास सांगण्यांत कांहींही उद्धटपणा नाहीं. पावतीवर चलनाचें नांव छापलेलें असतें. वही लिहिणाऱ्या गृहिणीनें तें तेथल्या तेथें वाचावें.

एवढें कळल्यावर "सगळा खर्च कार्डानेंच करूं, नोटा कशाला?" असें वाटणें स्वाभाविक आहे. जपान हा यंत्रांचा आणि शोधांचा देश अशी ख्याति असल्यामुळें तर हें अधिकच वाटतें. पण त्या देशाला नाण्याची आवड अद्याप पुष्कळ आहे. मोठीं हॉटेलें, मोठीं दुकानें, आगगाडीचीं मुख्य स्थानकें येथें कार्ड बिनतक्रार चालतें. गल्लींतलें शेवयांचें लहान उपाहारगृह, देवळाची दानपेटी, खेड्यांतली खानावळ, डोंगरांतल्या मठाची उतरण्याची जागा, अशा ठिकाणीं कित्येकदां रोखच द्यावें लागतें. क्योटोच्या बहुतेक शहरी बसमध्यें मागच्या दारानें चढावयाचें आणि उतरतांना पुढच्या दाराशीं चालकाजवळच्या पेटींत नेमकें भाडें टाकावयाचें. पेटी उरलेले पैसे परत देत नाहीं. मोड करून देणारें यंत्र शेजारींच असतें, पण मागें वीस माणसें उभीं असतांना तें उमगत नाहीं. हातांत दहा हजारांची नोट धरून तेथें उभें राहणें हा अनुभव कोणावरही येऊं नये.

त्यावर तोडगा म्हणजे सुईका किंवा पास्मो नांवाचें गाडीभाड्याचें कार्ड. त्यावर रोख येन भरावयाचे आणि आगगाडी, बस, फाटकांतलीं यंत्रें, चहाकॉफीचीं यंत्रें, लहान किराणा दुकानें येथें तें नुसतें टेकवावयाचें. परदेशी पाहुण्यांसाठीं अठ्ठावीस दिवस चालणारें वेगळें सुईका कार्डही आहे. तें भरावयास रोखच लागते हें ध्यानांत ठेवून दोघांसाठीं वीस-तीस हजार येन घरूनच न्यावे. नंतर लागतील तसे सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानांतल्या किंवा टपालकचेरींतल्या एटीएममधून घ्यावे. परदेशी कार्ड तेथें चालतें. दर वेळीं ठराविक शुल्क पडतें, म्हणून चार वेळां पांच-पांच हजार काढण्यापेक्षां एकदां वीस हजार काढणें बरें. हे पैसे डेबिट किंवा फॉरेक्स कार्डानें काढावे. क्रेडिट कार्डानें रोख काढली कीं शुल्काखेरीज त्याच दिवसापासून व्याज चालूं होतें. ह्याच्या उलट, हॉटेलांत अनामत म्हणून कार्ड मागितलें तर क्रेडिट कार्ड द्यावें. डेबिट कार्डावरची अडकलेली रक्कम सुटून खात्यांत परत येण्यास कधीं कधीं कित्येक दिवस लागतात, आणि तोंवर हातखर्चाचे पैसे गोठून राहतात.

जपानी नाण्यांची एक गंमत जुन्या मंडळींना चटकन् ओळखीची वाटेल. तेथील पांच आणि पन्नास येनांच्या नाण्यांना मध्यें भोक असतें. आपल्याकडे १९४३ ते १९४७ च्या दरम्यान भोकाचा पैसा निघत असे, तो ज्यांच्या घरीं जुन्या डब्यांत पडला असेल त्यांनीं शेजारीं ठेवून पाहावा. पांच येनला जपानी भाषेंत "गो एन" म्हणतात, आणि तोच उच्चार ऋणानुबंधाच्या शब्दाचाही आहे. म्हणून देवळांत हें नाणें वाहण्याची रीत पडली. त्या देशाच्या नोटाही ३ जुलै २०२४ रोजीं बदलल्या. हजाराच्या नव्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो ह्या वैद्याचें चित्र आहे. १८९४ सालीं हाँगकाँगांत प्लेगच्या जंतूचा शोध घेणाऱ्यांपैकीं ते एक. दोनच वर्षांनीं तो प्लेग मुंबईस आला आणि नंतर पुण्यास. पुणेकरांना त्या नोटेकडे पाहून निराळी आठवण होईल. जुन्या नोटाही चालतात. नवी नोट मात्र एखाद्या जुनाट तिकीटयंत्राला ओळखूं येत नाहीं. दुकानांत पैसे हातांत न देतां समोरच्या लहान तबकांत ठेवावयाचे असतात. परतीचे पैसेही तेथेंच शेवटच्या येनपर्यंत मोजून मिळतात. बक्षिसी देण्याची चाल नाहीं. टेबलावर मुद्दाम सोडलेलें नाणें वाढपी धांवत येऊन परत करतो.

फोननें पैसे देण्याची आपल्याकडची संवय आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिचाही उल्लेख करावयास हवा. यूपीआय २०२१ सालीं भूतानांत सुरू झालें. २०२४ च्या फेब्रुवारींत पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचें तिकीट त्यानें काढतां येऊं लागलें, आणि त्याच महिन्यांत मॉरिशस व श्रीलंका येथेंही तें गेलें. भूतानांत तर तेथील नुलत्रुम रुपयाच्या बरोबरीचा असल्यामुळें बट्ट्याचा प्रश्नच फारसा नाहीं. जपानांत मात्र त्याच्या भरंवशावर निघूं नये.

पैशाच्या हिशेबांत चुकलें तर पांच-सातशें रुपये जातात. कार्डच बंद पडलें तर त्या रात्रीं निजण्याची पंचाईत होते. रिझर्व्ह बँकेच्या १६ मार्च २०२० पासूनच्या नियमाप्रमाणें नवें कार्ड फक्त देशांतल्या वापरापुरतें चालूं असतें. परदेशीं वापरण्याची मोकळीक खातेदारानें स्वतः मागून घ्यावी लागते. हें घरीं पांच मिनिटांचें काम आहे. संध्याकाळीं डोंगरावरच्या स्थानकांत, गाडी निघून गेल्यावर, भारतांतला फोन नंबर बंद असतांना तें करावयास बसणें म्हणजे संकट. म्हणून निघण्यापूर्वीं दोघांच्याही कार्डांची ही मोकळीक व तिची मर्यादा तपासावी, पिन आठवून पाहावा, आणि बँकेचा संदेश येणारा नंबर परदेशांत चालूं राहील अशी व्यवस्था करावी. कार्डें निदान दोन असावींत, तीं दोन निरनिराळ्या बँकांचीं असावींत, आणि एकाच पाकिटांत कदापि नसावींत. एक गृहस्थाच्या खिशांत, एक गृहिणीच्या पिशवींत. कार्ड हरवल्यास बँकेला कळविण्याचा नंबर कागदावर लिहून तो कागद तिसऱ्याच ठिकाणीं ठेवावा. तो नंबर फोनमध्येंच आहे असें म्हणणाऱ्यांचा फोनही बहुधा त्याच पाकिटाबरोबर जातो.

दहाव्या दिवशीं विमानतळावर पिशवी उघडली कीं तळाशीं नाण्यांचा खच निघतो. येथील पेढ्या परदेशी नोटा परत घेतात, नाणीं सहसा घेत नाहींत; तीं तेथेंच शेवटच्या चहाच्या वेळीं संपवावींत, आणि कमी पडतील तेवढेच कार्डावर द्यावेत. नोटा उरल्या तर दोन हजार डॉलरांच्या मोलापर्यंत त्या जवळ ठेवतां येतात, अधिक असल्यास परतल्यापासून एकशें ऐंशी दिवसांच्या आंत पेढीला द्याव्या लागतात. पुढच्या वर्षीं पुन्हां जावयाचें असेल तर थोडे येन ठेवून द्यावे. नसेल तर लगेच विकून मोकळें व्हावें, कारण विकतांनाही बट्टा आहेच. पांच येनचीं दोन नाणीं मात्र गृहिणी बहुधा संपवीत नाहीं. एक देवघरांत जातें, आणि दुसरें वहीच्या त्या पानाशीं ठेवलें जातें, जेथें क्योटोच्या हॉटेलाचें बिल येनांत लिहिलेलें आहे.